सोनकांबळे यांच्या रानातली पंगत

या वैशाखात सोनकांबळे गेले. मला ते त्यांच्या मुलीकडून कळले. ती नांदेडला एका दवाखान्यात परिचारिका आहे आणि आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. "पप्पा गेले, सर. आई म्हणाली, साहेबांना कळवून ठेव," एवढेच ती बोलली. अशा वेळी सगळे जे बोलतात तेच मीही बोललो असेन. फोन ठेवल्यावर मात्र एक गोष्ट मनाला लागून राहिली. ज्यांना कळवायचे त्या माणसांत त्या घराने मला धरले होते, आणि तसे धरले जाण्याची माझी लायकी होती की नाही, हे मला ठरवता येत नव्हते.

त्यांचे सबंध आयुष्य मला ठाऊक नाही. जन्म, शिक्षण, लग्न यांच्या तपशिलात मी कधी शिरलो नाही आणि त्यांनी मला शिरू दिले नाही. लातूरला माती तपासण्याच्या एका सरकारी प्रयोगशाळेत आम्ही तीन वर्षे बरोबर होतो, त्या तीन वर्षांतले आणि नंतरच्या दोन भेटींतले सोनकांबळे तेवढे माझे. त्यातही एका दुपारी ते समोर नव्हते, आणि मला सर्वांत जास्त आठवते ती नेमकी तीच दुपार.

मी पुण्याहून बदलून आलो तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होतो. मुलीची शाळा नको मोडायला म्हणून कुटुंब पुण्यातच ठेवले होते. सोनकांबळे माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठे. हुद्दा प्रयोगशाळा परिचराचा. शेतकऱ्यांनी आणलेल्या मातीच्या पिशव्या उतरवून घेणे, माती सावलीत वाळत घालणे, कुटणे, चाळणे, काचेची भांडी धुणे, हे त्यांचे काम कागदोपत्री होते. प्रत्यक्षात ती प्रयोगशाळा त्यांच्या धाकाने चालत असे. ठेंगणा बांधा, ताठ कणा, इस्त्रीचा पांढरा सदरा आणि बाह्यांना कोपराखाली बरोबर दोन घड्या. दिवसभर मातीत हात असूनही त्या सदऱ्यावर संध्याकाळी डाग नसे. याचे मला इतके नवल वाटे की एकदा मी विचारलेच.

"डाग पडतोय की साहेब," ते म्हणाले. "मी सदरे दोन आनतो."

नमुना घेऊन आलेल्या शेतकऱ्याची ते उलटतपासणी करीत. माती झाडाखालची आहे का, बांधालगतची आहे का, विहिरीच्या काठची आहे का. औशाकडचा एक वयस्क शेतकरी एकदा काळीभोर, लोण्यासारखी माती घेऊन आला. सोनकांबळे यांनी चिमूटभर बोटांत चोळली आणि पिशवीची गाठ पुन्हा बांधून त्याच्या हातात दिली.

"ही उकिरड्याजवळची हाय, मामा."

"न्हाई की. रानातलीच हाय."

"उकिरडा रानात हाय म्हनून उकिरड्याची माती रानाची व्हत न्हाई. खरी आना."

शेतकरी ओशाळला. "साहेबाला दाखवायची म्हनल्यावर जरा चांगली दिसावी म्हनून आनली जी."

"साहेबाला पोरगी दाखवायलाव का तुमी?"

सगळे हसले, शेतकरीही हसला. दोन दिवसांनी तो खडेमिश्रित, करडी, फिकट माती घेऊन आला आणि आपलाच काही अपराध असावा अशा चेहऱ्याने उभा राहिला. ती पिशवी सोनकांबळे यांनी दोन्ही हातांनी घेतली. "आता कसं! हिला काय कमी हाय ते कळंल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माती खोटं बोलत न्हाई साहेब, पिशवी बोलती." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकले असेल.

ते आपला चहाचा कप घरून आणीत. स्टीलचा, कानाला किंचित वाकलेला. चहा झाला की तो स्वतः धुऊन, पुसून कपाटात ठेवीत. नव्या माणसाला सर्वांपुढे कौतुक करण्याची हौस असते. मी एका बैठकीत त्यांच्या या स्वच्छतेचा आदर्श सर्वांनी घ्यावा, असे म्हणालो. संध्याकाळी कुलूप लावताना सोनकांबळे शांतपणे म्हणाले, "साहेब, मी नोकरीला लागलो त्या कचेरीत माझा कप येगळा ठिवलेला असायचा. खिडकीत. नंतर ते बंद झालं. पन तवर मला सवय लागली. आता तो कप मी येगळा ठिवतो, त्येंनी न्हाई. एवढाच फरक हाय." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. मी "अच्छा" म्हणालो. त्या "अच्छा"ची मला अजून लाज वाटते.

लातूर मला त्यांनीच शिकवले असे म्हणायला हवे. आठवड्याने येणाऱ्या नळाचे पाणी साठवायला ड्रम कुठला घ्यावा इथपासून "हाव" हा होकार कोणत्या सुरात खरा आणि कोणत्या सुरात केवळ ऐकत असल्याची खूण, इथपर्यंत. पुण्याच्या सवयीने मी प्रत्येक गोष्टीला "बघू" म्हणत असे. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "साहेब, हितं 'बगू' म्हनू नका. तुमी 'बगू' म्हनलं की मान्सं खरंच बगत बसत्यात." मी हसलो आणि "बघू" म्हणणे सोडले. त्या जागी काय आले, हे मात्र तपासले नाही.

त्या वर्षी मार्गशीर्षातल्या अमावस्येला सुटी होती. सुटी कशाची, हे मी विचारले नव्हते. सकाळी दूध आणायला बाहेर पडलो तर रस्ता रिकामा. दुकाने बंद, खानावळ बंद, रिक्षा नाही. मुख्य चौकात वाहतुकीचे दिवे कुणासाठीही नसताना लाल-हिरवे होत होते. मला वाटले, शहरात काही अघटित घडले असावे. घरातला चिवडा आणि दोन केळी यांवर दिवस काढला.

दुसऱ्या दिवशी ही हकीकत प्रयोगशाळेत सांगितली तेव्हा आमचे तांत्रिक सहायक बिराजदार कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो साहेब, येळवशीला लातुरात कुनी ऱ्हातंय व्हय? कुत्रीबी रानात जात्यात!"

वेळ अमावस्या, तिथल्या बोलीत येळवस. त्या दिवशी सारे लातूर शेतात जाते. ज्वारीच्या कडब्याची खोप उभारतात, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजतात आणि मग दिवसभर जेवण. वाटाणा, वाल, तूर, हरभऱ्याचा कोवळा पाला असे हिवाळ्यात रानात जे जे हिरवे असते ते सारे एकत्र शिजवून केलेली भज्जी, ज्वारीच्या पिठाचे ताकातले आंबील, बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर. ज्याला शेत नाही त्याला शेत असलेला बोलावतो. त्या दिवशी एखादा माणूस शहरात उपाशी राहिला, ही माझ्या गैरसोयीची नव्हे, सगळ्या गावाच्या नामुष्कीची गोष्ट होती. बिराजदारांनी ती मनापासून लावून घेतली.

मी सोनकांबळे यांना विचारले की 'वेळ' म्हणजे कोणती वेळ? "येळ म्हंजे टाइम न्हाई साहेब. कानडी शब्द हाय. कुनी म्हनतंय तीळ, कुनी म्हनतंय सात. भज्जीला त्येचं काय?" मग मी, काहीसा जपून, त्यांच्याकडे हा सण असतो का असे विचारले. ते माझ्याकडे पाहत राहिले. "आज्जाच्या काळात आमी धर्म बदलला, तवा देव सोडले. खोपीत पांडव नसत्यात आमच्या. पन पंगत न्हाई सोडली. रान हाय म्हनल्यावर येळवस हायच की."

त्यांचे रान निलंग्याच्या रस्त्यावर, फाट्यावरून आत कोसभर. गावाच्या गायरानाचा तो तुकडा त्यांच्या वडिलांनी कसायला घेतला आणि आईने हयातभर त्यातले दगड वेचले. बांधाला त्या दगडांचा एक ढीग होता. सोनकांबळे त्याला "मायची कमाई" म्हणत.

पुढच्या वर्षी अमावस्येला अजून तीन आठवडे होते तेव्हाच ते माझ्या टेबलाशी आले. खोलीत सगळे होते. आपला दुसरा, स्वच्छ सदरा त्यांनी मुद्दाम घातला होता हे मला नंतर आठवले.

"साहेब, औंदा येळवशीला आमच्या रानात यायचं."

"येतो," मी म्हणालो.

"येतो म्हनलात न्हवं?"

"येतो की. नक्की येतो."

टंकलेखकाने काम थांबवून माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. ज्या भाषेत मी वाढलो तिच्यात "येतो" हा शब्द माणूस उठून जाताना म्हणतो. कुणी लग्नाला बोलावले तर म्हणतो, कुणी वास्तुशांतीला बोलावले तरी म्हणतो. त्यात येण्याचे वचन फार थोडे असते, न दुखावण्याची काळजी पुष्कळ असते. "बघू" सोडल्यावर मी त्याच्या जागी हाच शब्द आणून बसवला होता. त्या आठवड्यात मी तो बिराजदारांनाही म्हणालो होतो, आणि आणखी दोघांना.

लातुरात मात्र येळवशीच्या आमंत्रणाला "येतो" म्हटले की माणूस येतो. येणाऱ्याचे ताट धरलेले असते आणि सोनकांबळे यांच्या घरची तर रीतच होती की ज्याने येतो म्हटले तो आल्याशिवाय पहिली पंगत बसत नाही. आणखी एक गोष्ट होती, ती मला फार उशिरा कळली. प्रयोगशाळेतले सगळेच दर वर्षी सोनकांबळे यांना "येतो" म्हणत आणि कुणीही जात नसे. एरवी खरा असलेला तो शब्द त्यांच्यापुरता खोटा होई. या दोन "येतो"ंमधला भेद ते वर्षानुवर्षे बिनचूक ओळखत आले होते. माझा त्यांना ओळखता आला नाही. मी बाहेरगावचा होतो. माझ्या शब्दात इथली खोट असणार नाही, असे त्यांनी धरले.

अमावस्येच्या सकाळी बिराजदार जीप घेऊन दाराशी आले. त्यांचे शेतही त्याच रस्त्यावर, फाट्याच्या थोडे पुढे. "आधी आमच्याकडं टेका, मग सोनकांबळ्याकडं जाऊ की," ते म्हणाले. मला ते सोयीचे वाटले. शेत मोठे होते, माणसे शंभराच्या आसपास. तालुक्यातले दोन-तीन अधिकारी होते, कारखान्याचे कुणी होते. मला आग्रहाने मधोमध बसवले. भज्जी तीनदा वाढली. आंबील मडक्यातून ओतले जात होते आणि ते पिऊन डोळे जड होत होते. चिंचेखाली चादर अंथरली होती. दोनच्या सुमारास मी म्हणालो, "सोनकांबळे वाट पाहत असतील." कुणीतरी म्हणाले, "तो काय, उद्या आफिसात भेटंलच की." लोक हसले. मी हसलो नाही, पण उठलोही नाही.

परतताना चार वाजून गेले होते. फाटा आला तेव्हा बिराजदारांनी जीप हळू केली. त्यांच्याशी न्याय करायचा तर हे सांगितले पाहिजे. त्यांनी विचारले, "साहेब, जायचं का आत?"

मी उजवीकडच्या कच्च्या रस्त्याकडे पाहिले. कुणी दिसत नव्हते. "आता उशीर झाला," मी म्हणालो. "उगीच त्यांना त्रास."

उशीर झाला होता हे खरे. परंतु त्या वाक्याच्या मागे काय होते, ते मी बारा वर्षे उलटसुलट करून पाहतो आहे. मी जातपात मानत नाही, असे स्वतःविषयी सांगत आलो आणि ते बहुतेक वेळा खरेही असते. त्या दिवशी माझ्या मनात विटाळाचा विचार आला नाही, हे मी शपथेवर सांगू शकेन. आले ते वेगळे होते. मला त्या गावात रुळायचे होते, आणि रुळायचे तर कुणाच्या शेजारी बसावे आणि कुणाकडे जायचे राहून गेले तरी चालते, हे कुणी न सांगता मी शिकलो होतो. इतर कोणत्याही गोष्टीत मी इतका तत्पर विद्यार्थी ठरलो नाही.

दुसऱ्या दिवशी सोनकांबळे वेळेवर आले. बाह्यांना दोन घड्या, नमस्कार, पिशव्या. मी सकाळपासून एक वाक्य जुळवीत होतो. त्यांनी विचारले असते तर ते वापरता आले असते. त्यांनी विचारले नाही.

आठ-दहा दिवसांनी त्यांच्या गावचा एक शेतकरी नमुना घेऊन आला. सोनकांबळे मागच्या अंगणात माती वाळत घालीत होते. शेतकरी माझ्या टेबलाशी रेंगाळला.

"तुमीच का ते साहेब?"

"कोणते?"

"सोनकांबळ्याच्या रानात येनार व्हते ते." तो हसत होता, त्यात दुष्टावा नव्हता, पण समाधान होते. "पंधरा दिस झाले सांगत व्हता गावात. आमचे साहेब येनार, पंगतीला बसनार. आमी म्हनलं, येड्या, आजवर कोन आलंय? तर म्हने, हे साहेब पुन्याचे हायत, येतो म्हनलेत. चार वाजूस्तोर कुनी जेवलं न्हाई बगा तिथं. लेकरांना खाऊ घातलं तेवढं. त्येची म्हातारी माय तर फाट्यापर्यंत चालत जाऊन बसली व्हती, साहेबाला वाट घावायची न्हाई म्हनून."

मी विचारले, "फाट्यावर?"

"हाव. बाभळीखाली. लई म्हातारी हाय, ऐंशीच्या म्होरची. मग पोरांनी उचलून आनली."

जीप हळू झाली तेव्हा मला कुणी दिसले नव्हते. बाभूळ होती की नाही, तेही आठवत नाही. म्हातारी तोवर उठून गेली होती की तिथेच होती आणि मी पाहिले नाही, हे मला आजही माहीत नाही. मी जितक्या वेळा तो फाटा आठवतो तितक्या वेळा तो रिकामा असतो, आणि माझा त्यावर विश्वास बसत नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी सोनकांबळे यांच्याजवळ गेलो. ते चाळण्या पुसत होते. मी म्हणालो की माझी चूक झाली, मी यायला हवे होते, मला क्षमा करा.

ते चाळणी उजेडाकडे धरून तिची भोके पाहत होते. "माफी कशाची साहेब? तुमी येतो म्हनलात. मी ऐकलं. ऐकन्यात माझी चूक झाली."

"तसं नाही, सोनकांबळे."

"तसंच हाय. तुमच्याकडं त्या शब्दाचा अर्थ येगळा असंल. मी इचारून घ्यायला पायजे व्हतं." मग चाळणी खुंटीला अडकवून म्हणाले, "माय इचारती, साहेबाची तब्येत बरी हाय का. मी म्हनलं, बरी हाय."

एवढ्यावर त्यांनी तो विषय संपवला. वागणुकीत काडीचा फरक पडला नाही. नळ येण्याचे वार बदलले तर तेच मला सांगत. ताप आला तर दुपारी डबा आणून ठेवीत. परंतु पुढच्या वर्षी मार्गशीर्ष लागला तेव्हा ते खोलीतल्या प्रत्येकाकडे गेले. बिराजदारांकडे गेले, टंकलेखकाकडे गेले, पहारेकऱ्याकडे गेले. "येळवशीला यायचं." सगळे म्हणाले, "येतो." माझ्या टेबलापाशी ते थांबले, नमुन्यांच्या नोंदवहीवर सही घेतली आणि पुढे गेले. त्या वर्षी मी लातुरातच राहिलो, दारे लावून. मला खोटे बोलावे लागू नये म्हणून त्यांनी मला बोलावले नाही, असा अर्थ मी लावला. तो अर्थ माझ्याच बाजूचा आहे, याचीही मला जाणीव आहे.

त्यानंतर माझी नांदेडला बदली झाली. नांदेडला त्या अमावस्येचे विशेष काही नसते. कचेऱ्या चालू असतात. इथले सण वेगळे. होळीला आणि दसऱ्याला गुरुद्वाऱ्यातून घोड्यांची मिरवणूक निघते, निळ्या आणि केशरी फेट्यांनी रस्ता भरून जातो. पहिल्या वर्षी मी ती गच्चीवरून पाहिली, दुसऱ्या वर्षी रस्त्यावर उतरून. नव्या गावात काय पाहावे हे मला आता कळत होते, पण कुणाला काय म्हणावे याबाबत मी फार जपून राहू लागलो होतो. सोनकांबळे निवृत्त झाल्याचे कळले. त्यांची आई वारल्याचे वर्षभराने कळले. मी पत्र लिहिले आणि पाठवले नाही.

मग गेल्या वर्षीच्या होळीच्या सुमारास ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मुलीकडे आले. मुलीने निरोप दिला तसा मी भेटायला गेलो. डोळ्यांवर काळा चष्मा, सदरा तसाच, घड्या तशाच. ते भलत्याच उत्साहात होते.

"साहेब, काल लंगरात जेवलो!"

"कसं होतं?"

"डाळ जरा पातळ." मग पुढे वाकून, एखादी गंमत सांगावी तसे म्हणाले, "पर एक बगितलं. शेजारी एक ट्रकवाला, पलीकडं फेटेवाला म्हातारा, समोर कोन बँकेतली बाई. कुनी कुनाला बोलावलं न्हवतं. कुनी कुनाला सांगून आलं न्हवतं. आलं, बसलं, जेवलं, उठलं. लई सोपं करून ठिवलंय ह्या लोकांनी. आमी उगी सांगावे धाडत बसतो."

मी विचारले, "तुमच्याकडे न बोलावता आलेलं चालतं का?"

काळ्या चष्म्यामुळे त्यांचे डोळे दिसले नाहीत. "रानाला कुठं दार हाय साहेब?"

गेल्या मार्गशीर्षात मी अमावस्येची रजा टाकली. घरी सांगितले, कुणाला कळवले नाही. पहाटेची एसटी धरून लातूर, तिथून निलंग्याच्या गाडीने फाट्यावर उतरलो. या बाजूने येताना डावीकडे पडणाऱ्या त्या कच्च्या रस्त्याला लागलो. बाभूळ होती. मी तिच्यापाशी काही क्षण थांबलो आणि थांबण्यात अर्थ नाही हे कळून पुढे चाललो. सगळ्या रानांतून माणसे होती, कडब्याच्या खोपींतून धूर निघत होता. बारा वाजायच्या आत मी त्यांच्या बांधावर पोचलो.

मी काय कल्पना केली होती ते सांगितले पाहिजे. ते चकित होतील, बायकोला हाक मारतील, मला हाताला धरून नेतील, निदान माझ्याकडे काही क्षण पाहत राहतील. तसे काही झाले नाही. रानात तीस-पस्तीस माणसे होती आणि पहिली पंगत बसत होती. शहरात नव्याने आलेला एक बांगडीवाला आणि त्याचे कुटुंब, विदर्भातून बदलून आलेल्या एक शिक्षिका, हिंदीत बोलणारे दोन रंगारी. लातुरात ज्याला रान नाही अशा माणसाला शोधून काढायचे काम निवृत्तीनंतर त्यांनी अंगावर घेतले होते, हे मला तिथे कळले. सोनकांबळे भज्जीच्या पातेल्याशी उभे होते. मला पाहून म्हणाले, "आलात? चपला तिकडं काढा. बसा हितं, जागा हाय."

मी बांगडीवाल्याच्या शेजारी बसलो. सोनकांबळे यांच्या पत्नीने ताट ठेवले, डोक्यावरचा पदर सारखा करीत म्हणाल्या, "सावकाश जेवा, भाऊ." त्यांनी मला ओळखले की नाही, ते कळले नाही. भज्जी बिराजदारांकडच्यापेक्षा आंबट होती. सोनकांबळे वाढत फिरत होते. त्यांच्या नव्या नजरेला सगळ्यांची ताटे दिसत होती. माझ्या ताटाशी ते जितका वेळ थांबले तितकाच बांगडीवाल्याच्या मुलीपाशी थांबले. क्षमेची भाषा मनात तयार ठेवून आलेल्या माणसाला इतकी निखळ बरोबरी सोसायला कठीण जाते. मी खाली मान घालून जेवलो.

हात धुऊन मी बाजूला उभा राहिलो तेव्हा ते आले. "जेवलात का पोटभर?"

"हो." मग मी म्हणालो, "सोनकांबळे, त्या वेळी…"

"साहेब," त्यांनी मला मधेच थांबवले. रागाने नव्हे, काम खोळंबले आहे अशा घाईने. "दुसरी पंगत बसायलीय. हितं पहिल्या पंगतीनं दुसरीला वाढायचं असतंय. हे धरा." आणि भज्जीची बादली आणि पळी त्यांनी माझ्या हातात दिली.

मी आयुष्यात कधी पंगतीला वाढले नव्हते. पहिल्या ताटात पळी जास्त भरली, दुसऱ्यात सांडली. रंगारी हसले. "अरे साहब, आराम से!" बाया हसल्या. कुणीतरी म्हणाले, "भाकरीवर न्हाई वो, बाजूला वाढा!" माझ्या सदऱ्यावर हळदीचे दोन डाग पडले. पंगतीच्या शेवटी, दगडांच्या ढिगाला पाठ लावून, सोनकांबळे मांडी घालून बसले होते. पहिल्या पंगतीला त्यांनी वाढले होते, आता त्यांच्या जेवणाची वेळ होती. मी त्यांच्यापुढे वाकलो. बादली खाली टेकवली. मी पळीभर वाढली.

त्यांनी वर पाहिले नाही. घास घेतला, चावला, भज्जीतली एक वाटाण्याची शेंग बोटांनी काढून बाजूला ठेवली. मग रिकामी झालेली ताटाची कड माझ्याकडे थोडी सरकवली आणि म्हणाले, "घाला अजून. तळातली घाला, दाट असती."